क्रूस न काढलेलं पीठ

१

पीठ मळून झालं की त्याच्यावर तळहाताच्या कडेने एक क्रूस काढायचा, कापड झाकायचं, वर जुनी गोधडी टाकायची आणि त्याला झोपू द्यायचं. आमच्या गावात हे कुणी मुद्दाम शिकवत नाही. आईच्या मागे काथवटीशी उभी राहून पोर आपोआप शिकते. मी सात वर्षांची असल्यापासून क्रूस काढत आले. अंगात ताप असताना काढला, नवरा गेला त्या आठवड्यातही काढला.

सप्टेंबरातल्या त्या मंगळवारी मात्र मी काढला नाही. विसरले असं नाही. हात पिठावर टेकलाही होता. तो मी मुद्दाम मागे घेतला.

कारण समोरच्या भिंतीवर टांगलेलं होतं. आमच्या भटारखान्याची मालकीण हेरिकनाझ, तिला सगळे हेरिक म्हणतात, तिने सकाळीच खिळा ठोकून एक फोटो लावला होता. सोनेरी चौकट, आणि आत डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी, मांडीवर लवाश, म्हणजे आमची कागदासारखी पातळ भाकरी, थापायची उशी घेऊन बसलेली. वरचा मठ बघायला बसमधून येणारे लोक आधी आमच्याकडे थांबतात. हेरिक त्यांना हात जोडून सांगत होती, "ही माझी आजी. हिच्याच हातचं खमीर आम्ही अजून वापरतो. शंभर वर्षं झाली, एक दिवस खंड नाही."

ती तिची आजी नव्हती. ती एग्सा आजी, माझ्या शेजारची, आता वारलेली. फोटोही माझ्याच घरचा, "दोन दिवस दे गं, नाझेली जान, बघून परत देते" असं म्हणून हेरिकने नेलेला. चौकटीत बसवताना तिने म्हातारीचा उजवा हात मनगटापासून कापून टाकला होता. त्या हाताला एक बोट कमी होतं, ते गिऱ्हाइकाला बरं दिसलं नसतं.

माझं डोकं फिरलं. मनात म्हटलं, "ये, एग्सा. तुझं हिने काय करून ठेवलंय ते ये आणि बघ." आणि तसंच, क्रुसाशिवाय, पिठावर कापड ओढलं.

तासाभराने गोधडी बाजूला केली. पीठ फुगून काथवटीच्या काठाला आलं होतं. कापड उचललं तर पिठाच्या मधोमध एक हात.

पिठावर कुणी हात दाबला तर खळगा पडतो. हा खळगा नव्हता, उंचवटा होता. आतून कुणीतरी तळहात टेकवून वर रेटावा तसा. अंगठा, तीन बोटं, आणि अंगठ्याशेजारच्या बोटाच्या जागी नुसता खुंट.

मी तीस-चाळीस वर्षं पीठ बघतेय. पीठ फुगताना कसंही फुगतं. कधी त्यात मेंढी दिसते, कधी सासू दिसते. मी मूठ मारून ते बसवलं आणि लाट्या तोडायला घेतल्या. हात मात्र मी दोनदा धुतले.

२

आता मधली गोष्ट सांगते, आणि माझा वाटा न लपवता सांगते.

एग्सा आजीच्या उजव्या हाताची तर्जनी लहानपणीच कडबा कापायच्या यंत्रात गेली होती. पण त्या साडेतीन बोटांनी ती असा लवाश ताणायची की त्यातून पलीकडची खिडकी दिसावी. तोनिरच्या, म्हणजे जमिनीत पुरलेल्या भट्टीच्या, काठाशी ती बसायची, तिच्या डाव्या हाताला मी लाटायला. अकरा वर्षं आम्ही अशी कामं केली, लोकांच्या घरोघर. लग्न असो, मयत असो, आम्हाला बोलावणं यायचं.

तिचं खमीर, म्हणजे पीठ फुगवायचं जुनं आंबवण, तिने कधी कुणाला दिलं नाही. आमच्याकडे शेजारणीला खमीर नाकारणं म्हणजे तोंडावर दार लावण्यासारखं, पण ती नाकारायची. "माझ्या सासूचं आहे. मी गेले की नाझेलीचं," एवढंच म्हणायची. लोक तिला कवडीचुंबक म्हणायचे. मला मात्र छाती फुगवायला तेवढं पुरायचं.

मग ती अंगणात घसरली आणि कमरेचं हाड मोडलं. अंथरुणातून उठणं संपलं. खमिराला दर तिसऱ्या दिवशी पीठपाणी द्यायचं काम तिने माझ्यावर सोपवलं. त्याच उन्हाळ्यात हेरिकने मठाच्या रस्त्याला भटारखाना काढला. एक दिवस माझ्या फाटकाशी येऊन म्हणाली, "वर्षभर काम देते. तोनिरच्या काठची जागा तुझी. फक्त म्हातारीचं खमीर घेऊन ये. तिला आता काय करायचंय त्याचं?"

मी विधवा, घरात लग्नाची पोर. मी खमिराचा तो मातीचा तांब्या शालीखाली धरून नेला. थोडं काढून नेलं असतं तरी चाललं असतं, पण हेरिकला सगळं हवं होतं. गावात दुसऱ्या कुणाकडे ते उरायला नको होतं.

तिसऱ्या दिवशी म्हातारीने विचारलं, "माझं खमीर जिवंत आहे ना गं?"

मी तिच्या उशीशी बसले आणि म्हटलं, "उन्हाळा फार झाला, आजी. मेलं ते. मी परसात पुरलं, वर क्रूस काढला. रडू नका."

ती रडली नाही. तिने त्या साडेतीन बोटांनी माझं मनगट धरलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. खोलीत आम्ही दोघीच होतो, खिडकी बंद, बाहेर कुत्रंसुद्धा नव्हतं. त्या दिवसापासून तिने भाकरीचा तुकडा तोंडात घातला नाही. अकराव्या दिवशी गेली.

म्हणाल, मग हेरिककडे बोट दाखवणारी तू कोण? बरोबर आहे. पण मी एका खोलीत एकदा खोटं बोलले होते. हेरिक दिवसातून तीस वेळा बोलत होती, तेही सोनेरी चौकटीखाली उभी राहून. शिवाय वर्ष भरायच्या आत तिने माझी तोनिरकाठची जागा काढून आपल्या मावसबहिणीला, सोविनारला दिली आणि मला काथवटीवर ढकललं. माझा सगळा राग मी तिच्या नावावर टाकला. ते मला सोपं जात होतं.

३

त्या मंगळवारनंतर मी क्रूस काढणंच सोडलं. रोज हात उमटायचा. रोज मी तो मुठीने बसवायची. मला भीती वाटायची, पण त्या भीतीत एक गोडीही होती, ती मी नाकारत नाही.

गुरुवारी सोविनारने तोनिरच्या भिंतीवरून एक लवाश सोलून काढला आणि उजेडात धरला. "हे बघ गं! कुणाचा पंजा?" लवाशवर फोड आली होती आणि तिचा आकार तोच होता. सोविनार जाडजूड, हसरी बाई, तिला सगळ्यात गंमत दिसते. "कुणा मेलीने भाजत्या लवाशवर हात ठेवला की काय? नाझेली, तुझा आहे का?"

"माझी बोटं पूर्ण आहेत," मी म्हटलं.

सोविनारचं हसू जरा ओसरलं. हेरिकने तो लवाश तिच्या हातातून घेतला, बसमधल्या एका बाईला दाखवला आणि म्हणाली, "आजीचा आशीर्वाद." त्या बाईने डोळे पुसून तो विकत घेतला. मी काथवटीशी उभी राहून दात आवळले.

मग आवाज सुरू झाला. लवाश भट्टीच्या भिंतीला चिकटवताना थप् असा आवाज होतो. दुपारी आम्ही जेवायला अंगणात बसलो की आतून तो यायचा. थप्. थोडं थांबून पुन्हा थप्. एका माणसाला लवाश ताणून उशीवर चढवायला जेवढा वेळ लागतो, तेवढंच अंतर. सोविनार म्हणाली, धुराड्यावर कबुतरं उतरतात. मीही मान डोलावली. आत जाऊन बघितलं तर तोनिर निवत आलेला, छपराच्या भोकातून ऊन खाली पडलेलं, आणि एग्सा आजीची जुनी उशी काठावर. तिच्या शहरातल्या पुतण्याने घरातलं सामान काढलं तेव्हा हेरिकनेच ती उचलली होती, शोभेला. मी तिला हात लावला. एका बाजूने ती गरम होती.

शनिवारी तीन बस आल्या. लोक जास्त असले की हेरिक स्वतः तोनिरशी बसते, नवं झगमगीत एप्रन घालून, दोन लवाश थापते, टाळ्या घेते. त्या दिवशी तिने एग्साची उशी घेतली. पहिला लवाश ठीक गेला. दुसऱ्याला ती वाकली, हात आत गेला, थप् झालं, आणि हात बाहेर आलाच नाही.

दोन क्षण असतील. ती ओरडली नाही, नुसती ओढत राहिली, चेहरा विस्तवाने लालबुंद. मग एकदम मागे फेकल्यासारखी पडली आणि तेव्हा ओरडली.

"कुणीतरी धरलं! मनगट धरलं माझं!"

"चक्कर आली असेल, उपाशी असते ही," असं सोविनार लोकांना सांगत सुटली. हाताला दही लावून फडकं बांधायला मी बसले. कोपरापासून बोटांपर्यंत कातडी लाल होऊन फुगली होती. मनगटाभोवती मात्र पांढरी, जशीच्या तशी, जणू तेवढ्या जागेला कुणी झाकून धरलं होतं. अंगठ्याची जागा. तीन बोटांच्या जागा. एक खुंट.

हेरिकने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. दोघींनाही दिसत होतं. ती हळूच म्हणाली, "नाझेली, त्या तांब्याचं कुणाला बोलली नाहीस ना?"

"नाही."

"बोलू नकोस."

मी गाठ मारली, जरा जास्तच घट्ट. घरी जाताना चढावर मला हसू येत होतं. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला होता.

४

तो आनंद एक दिवस टिकला. रविवारी संध्याकाळी माझ्या फाटकाशी हेरिक उभी, गळ्यात हात अडकवलेला, बरोबर नवरा, हातात कोन्याकची बाटली आणि फीत बांधलेला चॉकलेटचा डबा, आणि मागे मुलगा मुशेघ, नवा कोट घालून. असं सामान घेऊन लोक एकाच कामाला येतात, मागणी घालायला.

माझी शोघिक तेवीस वर्षांची. सुईने लेस विणते, गाठीवर गाठ, कापली तरी सुटत नाही अशी. एग्सा आजीच्या मांडीवर वाढली, पहिला लवाश आजीनेच तिच्या हातात दिलेला. ती स्वयंपाकघरात उभी होती आणि तिचे गाल मला सगळं सांगत होते.

"किती दिवस?" मी विचारलं.

"दोन वर्षं, आई."

"दोन वर्षं! आणि मी काय आंधळी होते?"

"तू हेरिकच्या नावाने खडे फोडण्यात गुंतली होतीस," ती म्हणाली आणि माझ्या गळ्यात पडली. "रागावू नकोस ना. मुशेघ तिच्यासारखा नाही."

"त्या घरात नको, शोघिक. दुसरं कुठलंही घर सांग."

"का पण?"

आता बोलायला हवं होतं. त्या घरात एग्सा आजीचं खमीर आहे, मीच नेऊन दिलं, आजीला मेलं म्हणून सांगितलं, आणि आता आजी आली आहे. चार वाक्यं. पोरीचे डोळे माझ्यावर होते, आणि त्या डोळ्यांत मी अजून चांगली बाई होते. आजीच्या मयतीला ही पोर तीन दिवस जेवली नव्हती.

"हेरिक तोंडाळ आहे," मी म्हटलं.

शोघिक खदखदून हसली. "ते अख्ख्या गावाला माहीत आहे, आई!"

बाहेर बाटली उघडली. हेरिकने डाव्या हाताने पेला उचलला आणि मला विहीणबाई म्हणाली. लग्न ऑक्टोबरात, द्राक्षं उतरली की. आमच्याकडे सून उंबरठ्यावर आली की सासू तिच्या दोन्ही खांद्यांवर लवाश टाकते, घरात भरभराट यावी म्हणून. कुठल्या खमिराचा लवाश पडणार, ते तिथे बसलेल्यांत आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. हेरिकच्या डोक्यात तो विचार आलाच नसावा. माझ्या डोक्यातून तो गेला नाही.

५

सोमवारपासून मी क्रूस काढायला लागले. एक नाही, तीन. खोल, पार तळापर्यंत. कापडाखालून पीठ काढलं की हात होताच, आणि क्रुसावर तळहात असा फिरवलेला होता की रेघा पुसून गेल्या होत्या. लहान मूल पाटीवरचं पुसतं तसं.

"तू बोलावलंस म्हणून आली, जा म्हटलं की जाईल," असं मी स्वतःला समजावलं. तिला काय हवं असणार? मी खरं बोलावं एवढंच. तेही तिच्यापाशी, दगडापाशी, जिथे ऐकायला कुणी नाही. इतकं तर मला जमलं असतं.

शुक्रवारी मी पिठाचा एक गोळा रुमालात बांधला आणि दफनभूमीकडे निघाले. वाटेत सोविनार भेटली आणि मागे लागली. "मीही येते, आईच्या कबरीवर फुलं ठेवायचीत." तिला टाळणं म्हणजे अंगाला लागलेला चिकट पाक टाळणं. वाटभर लग्नाचं बोलत होती, किती कोकरं, झुर्ना, म्हणजे आमची सनई, वाजवणारा कुठला.

एग्सा आजीच्या दगडावर वाळलेलं गवत पडलं होतं. मी ते झाडलं आणि गोळा ठेवला. वाक्य जिभेवर होतं. आजी, मेलं नव्हतं, जिवंत होतं, मी नेलं. सोविनार माझ्या बाजूला उभी, हात पोटावर, डोळे मिटलेले, कान उघडे.

"आजी," मी म्हटलं, "पोरीचं लग्न आहे. आशीर्वाद दे."

सोविनारने एक डोळा उघडला. "तुला एकटीला काही बोलायचंय का गं? मी पुढे होते."

तिने स्वतःहून विचारलं. मी हो म्हणाले असते तर ती गेली असती, आणि माझं वाक्य तिथे पडलं असतं. पण मग ती वाटभर विचारत राहिली असती की एकटीने काय बोललीस, संध्याकाळपर्यंत गावात चार गोष्टी झाल्या असत्या.

"नाही," मी म्हटलं. "चल."

फाटकाशी पोहोचल्यावर मी मागे वळून पाहिलं. दगडावर गोळा नव्हता. सोविनार म्हणाली, कावळा. एकही कावळा दिसत नव्हता.

६

मग मी दुसरा उपाय केला. दुकानातून यीस्टची पुडी आणली, घरच्या छोट्या तोनिरात दोन लवाश भाजले, पांढऱ्या कापडात गुंडाळून सोविनारच्या हाती दिले. "हेरिकला उंबरठ्यावर हेच टाकायला सांग. आईच्या हातचे आहेत म्हण." सोविनार खुश झाली. तिला वाटलं, विहिणींचा समेट झाला.

आमच्याकडे मुलीची आई वरातीबरोबर जात नाही. पोरीला दारातून काढायचं, आणि आईने घरी बसायचं. शोघिकने निघताना माझा हात घट्ट धरला, तिची पाचही बोटं मला जाणवली. पांढऱ्या कॉलरला तिने स्वतः विणलेली लेस होती. गाडी वळणाआड गेली, मी फाटक लावलं.

रिकामं घर, आवरलेल्या खुर्च्या, खिडकीत तिचं सुईदोऱ्याचं डबडं. दोनच्या सुमाराला पलीकडच्या आळीतून झुर्ना ऐकू आला, मग थांबला. म्हणजे उंबरठा. मग नवरानवरीने शकुनाच्या ताटल्या पायाने फोडल्याचा आवाज, एक, दोन. त्यांच्या मधल्या शांततेत मला अगदी स्पष्ट ऐकू आलं, थप्. ते माझ्या घरातून आलं, मागच्या खोलीतून, माझ्या छोट्या तोनिराकडून. तो आदल्या दिवसापासून विझलेला होता. मी खुर्चीतून उठले नाही. हेरिकच्या अंगणातला आवाज भिंतीवर आपटून आला असेल, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं.

संध्याकाळी सोविनार ताटभर मांस घेऊन आली, नाचून पाय दुखवून घेतलेली, दोन घोट जास्त झालेली.

"काय सांगू, नाझेली, परी दिसत होती!"

"माझे लवाश?"

"अगं, ते वाळून कडक झालेले. हेरिक म्हणाली, खांद्यावर टाकले तर तुटतील, अपशकुन होईल. पाणी शिंपडायला वेळ कुठे होता? तिने तिचेच टाकले, ताजे. पण मी तुझे टेबलावर ठेवले हं, सगळ्यांनी खाल्ले."

मी ताट खाली ठेवलं.

"एक गंमत झाली," सोविनार म्हणाली. "लवाश काढायला गेलो तर उजव्या खांद्यावरचा निघेना. चिकटला होता. हेरिकने कडेने सोलून काढला, तोनिरावरून काढतात तसा. सगळे काय हसले! शोघिकही हसली." तिने जरा आठवून पाहिलं. "नाही, शोघिक नाही हसली."

७

लग्नानंतर आठ दिवसांनी मुलीची आई भेटी घेऊन सासरी जाते आणि पोरीचं डोकं धुते. हा मात्र माझा हक्क होता, तो कुणी काढून घेऊ शकत नव्हतं. मी साबण, नवा टॉवेल, कंगवा, मिठाई घेतली. आणि ठरवून गेले की आज सांगायचंच. पोरीला, हेरिकला, बसलेल्या सगळ्या बायकांना. हसू देत, थुंकू देत.

हेरिकच्या घरी बाहेरच्या खोलीत सात-आठ बायका कॉफीला बसल्या होत्या. हेरिकच्या हाताचं फडकं निघालं होतं, बाही मनगटाच्या खालीपर्यंत ओढलेली. मी तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "आत वाट बघतेय. लवकर ये, कॉफी निवेल." मी म्हटलं, आधी पोर, मग बाकी सगळं.

मोरीत वाफ भरली होती. शोघिक स्टुलावर पाठमोरी बसली होती, केस सोडलेले.

"आलीस, आई," ती म्हणाली. आवाज तिचाच.

मी गरम पाणी ओतलं, साबण लावला. लहानपणी डोकं धुताना ती चुळबुळ करायची, ओरडायची, पाणी उडवायची. आता एकदम स्थिर बसली होती. "बरी आहेस ना?" "हो." "मुशेघ चांगला वागतो ना?" "हो." मी केस एका बाजूला घेतले आणि उजव्या खांद्यावरून शेमीजचा पट्टा खाली सरकवला.

कातडीला ना डाग होता, ना भाजलेलं. तिथे हात होता. आतून वर आलेला, गुळगुळीत, तिच्याच कातडीचा. अंगठा मानेकडे, तीन बोटं पाठीवर, मध्ये खुंट. मला पीठ माहीत आहे, म्हणून मी तेच केलं जे पिठाला करते. तळहाताने दाबला. तो खाली बसला. मी हात उचलला आणि तो हळूहळू पुन्हा वर आला.

मी जमिनीवर बसले, तिच्या पायाशी. तिचा चेहरा ओल्या केसांआड होता. जे बोलायला आले होते ते सगळं डोक्यातून गेलं. एकच गोष्ट उरली.

"शोघिक," मी म्हटलं, "माझी पोर आहे ना गं आत? जिवंत आहे ना?"

तिने केस बाजूला केले. डोळ्यांत माया होती. अशीच माया मी एकदा एका उशीपाशी बसून चेहऱ्यावर आणली होती.

"उन्हाळा फार झाला, आई," ती म्हणाली. "मेली ती. मी परसात पुरली, वर क्रूस काढला. रडू नकोस."

बाहेर ऑक्टोबर होता. हे शब्द मी आयुष्यात एकदाच बोलले होते, ज्या खोलीत आम्ही दोघीच होतो, त्या खोलीत. तिने माझं मनगट धरलं. तिची तर्जनी आत दुमडलेली होती.

दारावर टकटक झाली. "झालं का गं, नाझेली?" हेरिकचा आवाज, आणि तिच्यामागे बायकांचं हसणं. "कशी आहे आमची सून? सांग तरी!"

शोघिक माझ्याकडे बघत थांबली. पकड आवळत गेली. मला सगळं बोलता आलं असतं. दार एका हाताच्या अंतरावर होतं, पलीकडे आठ बायका होत्या.

"छान आहे," मी मोठ्याने म्हटलं. "अगदी छान आहे."

तेव्हा कुठे तिने माझं मनगट सोडलं.